सही नाही म्हणजे चित्र रद्दी? अजिबात नाही

"सही नसलेल्या चित्राला कोण विचारतो?" चोर बाजारापासून घरच्या माळ्यापर्यंत हे वाक्य सर्रास ऐकू येतं. सहीने भाव चढतो, हे खरं. पण इमारतींची शाई-जलरंगातली चित्रं आर्किटेक्टच्या कचेरीत आणि विद्यार्थ्यांच्या सरावातही काढली जात. तिथे अनेकदा सही होतच नसे.

आधी भिंग घ्या. रंगात एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ती छापील प्रत, विषय संपला. हाताच्या कामात शाईची रेघ कुठे दाटते, कुठे तुटते. जलरंग सुकताना कडेला गडद किनार धरतो आणि खाली पेन्सिलीच्या खुणा डोकावतात. तरी लगेच हुरळू नका, छापील रेघांवर हाताने रंग भरलेली चित्रंही असतात.

मग चित्रातलं शहर वाचा. समजा, मुंबई आहे. विजेची ट्राम दिसली तर चित्र १९०७च्या आधीचं नाही. गेटवे दिसला तर बहुधा १९२४नंतरचं. मात्र १९६४मध्ये ट्राम बंद झाली म्हणून चित्र त्याआधीचंच, असं नव्हे. जुन्या फोटोवरून कधीही काढता येतं. भलेभले फसतात ते इथेच! कागद अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळसर चमकला, तर तो बहुतेक १९५०नंतरचा.

फ्रेमची मागची बाजूही बघा. फ्रेमवाल्याचं लेबल कधीकधी सहीपेक्षा जास्त सांगतं. आणि कुणी "सही टाकून देतो" म्हणालाच, तर चित्र उचला आणि सरळ घरी या.