घोड्याच्या पाठीवरून जमिनीवर: अश्वसाहाय्यित उपचारांची पार्श्वभूमी

मानसिक आघात सोसलेल्या माणसांसाठी जे अश्वसाहाय्यित उपचार होतात, त्यांत घोड्यावर बसणे बहुधा नसतेच. सगळे काम जमिनीवर उभे राहून चालते. या उपचारांची सुरुवात मात्र खोगिरावरून झाली.

डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय लुळे पडले. घोड्यावर चढा-उतरायला मदत लागत असतानाही त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध हालचाली करून घेण्याच्या स्पर्धेचे, रौप्यपदक मिळवले. अपंगांसाठी घोडेस्वारी ही कल्पना त्यानंतर जोर धरू लागली. जर्मन भाषक देशांत १९६० च्या दशकात हिप्पोथेरपी, म्हणजे घोड्याच्या चालीतून शारीरिक उपचार, आकाराला आली. चालत्या घोड्यामुळे स्वाराच्या कमरेला माणसाच्या चालीसारखीच हालचाल मिळते, हा तिचा आधार. १९६९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या. लक्ष अजून स्नायू आणि तोल यांवरच होते.

पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार, हे निदान मनोविकारांच्या अमेरिकी अधिकृत सूचीत आले १९८० मध्ये. १९९६ मध्ये तिथल्या स्वारी-संघटनेत मानसिक आरोग्यासाठी वेगळा विभाग निघाला. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘ईगाला’ या संघटनेने तर स्वारी वगळलीच: जमिनीवर काम, सोबत एक मानसोपचार तज्ज्ञ आणि एक घोड्यांचा जाणकार. या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा बदल हाच, कारण मोकळा घोडा नको वाटले तर दूर जाऊ शकतो. तो आपण होऊन जवळ आला, तर त्या येण्याला अर्थ असतो.

घोडा शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चौफेर दिसते. नेमके नाकासमोर आणि शेपटीमागे दिसत नाही. म्हणून खांद्याच्या दिशेने, तिरके जायचे. कान मागे दाबले, मान ताठ झाली की थांबायचे, एक पाऊल मागे घ्यायचे. मग मानेला स्पर्श, खरारा, आणि शेवटी मोरकीला दोर लावून सोबत चालणे. दोर हाताला कधीही गुंडाळू नये. घोडा बुजला तर बोटे चिरडतात.

अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाने पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांसाठी याची आखीव पद्धत तयार केली: छोटा गट, आठवड्यातून एक सत्र, ९० मिनिटे, एकूण ८ सत्रे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६३ जण होते आणि उपचारांनंतर जवळपास निम्म्यांची लक्षणे लक्षणीयरीत्या उतरली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हा निकाल आशादायक आहे, निर्णायक नाही. सिद्ध झालेले आघातोपचार बंद करून कुणी केवळ घोड्यांकडे पाठवत असेल, तर ते धोक्याचे आहे.

चुका बहुतेक घाईतून होतात. पहिल्याच दिवशी स्पर्शाचा आग्रह धरला, की ‘नाही’ म्हणण्याचा हक्क पुन्हा हिरावला जातो, आणि आघातात नेमके तेच घडलेले असते. घोडा वळून गेला की पीडित व्यक्तीला तो नकार आपल्यालाच वाटतो. अशा वेळी ‘घोड्याने तुमचे मन ओळखले’ असे सांगणे चुकीचेच नव्हे, क्रूर आहे. त्याला माशी चावली असेल, भूक लागली असेल. काय दिसले, एवढेच विचारावे. घोड्याची निवडही डोळसपणे करायला हवी. कशालाच प्रतिसाद न देणारा घोडा शांत भासतो, पण पुष्कळदा तो दमलेला, दुखावलेला किंवा शिक्षेने मुका झालेला असतो. त्याला सत्रात न आणता आधी पशुवैद्याला दाखवावे.