प्रतिष्ठानचं पैठण झालं कसं?

मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, पैठणी साडीवरून गावाला पैठण नाव पडलं म्हणून. अहो उलटं आहे ते, साडीला गावाचं नाव मिळालंय. गाव सातवाहनांची राजधानी, मूळ नाव प्रतिष्ठान, म्हणजे पक्कं, स्थिर ठिकाण. पण प्रतिष्ठानचं पैठण झालं कसं, यात खरी मजा आहे आणि साताऱ्यात बसूनही ती कळते.

गळ्याच्या घाटीवर दोन बोटं ठेवा आणि सावकाश 'आटा' म्हणा, मग 'आडा' म्हणा. आ म्हणताना स्वरतंतू थरथरतात ते बोटांना कळतं. ट आला की थरथर क्षणभर थांबते, ड ला थांबत नाही. म्हणजे दोन स्वरांच्या मधे ट आला की थरथर बंद करा, परत चालू करा, आणि दिवसभर बोलणारा माणूस सोपी वाट धरतो, म्हणून वटचा वड झाला, घोटकचा घोडा झाला. वटपौर्णिमा म्हणतो आपण, पण दोरा गुंडाळतो वडाला. त तर अजून पुढं जातो, आधी त चा द होतो आणि मग तोही सैल होत होत गळून पडतो, शतचं दोनशेमधलं शे झालं ते असंच. कुंभकारचा कुंभार होताना मधला क असाच गेला.

आता प्रतिष्ठान घ्या. ग्रामचं गाव होताना र गेला तसा प्र चा प, ति मधला त गळून नुसती इ, ओष्ठचा ओठ झाला तसा ष्ठ चा ठ, न चा ण. प्राकृतात पइट्ठाण, पुढं पैठण. आणि हे फार जुनं आहे बरं का, पहिल्या शतकात 'पेरिप्लस' हे समुद्री व्यापाराच्या वाटांचं पुस्तक लिहिणारा ग्रीक व्यापारी भडोचपासून २० दिवसांच्या वाटेवरचं गाव सांगतो ते 'पैठाना', म्हणजे बाजारात तेव्हाच त गेलेला होता!

नावात जादा अक्षर घालून नशीब बदलतं म्हणून पैसे घेणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका. अक्षरं बदलतात ती जिभेमुळं, ग्रहांमुळं नाही.

आपल्या शेजारचंच बघा, करहाटकमधला ट चा ड झाला, शेवटचा क गेला, कऱ्हाड झालं. आता एसटीच्या पाटीवर कराड असतं, ह पण गेला.