साखर नसेल तर मीठ आत जात नाही

ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेने आदेश काढला की, बाजारातल्या गोड पेयांच्या नावात 'ओआरएस', म्हणजे जुलाबात पाजायची जलसंजीवनी, ही अक्षरं वापरायची नाहीत. थोडी साखर जास्त असली तर एवढं काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. जुलाबात बिघडतं, आणि कॉलऱ्यात तर फारच बिघडतं.

कॉलरा, म्हणजे जुन्या लोकांची पटकी, पसरते कशी हे शाळेत सगळेच शिकतात. रोग्याची विष्ठा पाण्यात मिसळते आणि ते पाणी दुसऱ्याच्या पोटात जातं. बरेचसे जंतू जठरातल्या आम्लात मरतात. जे वाचतात ते लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतात. ते आतडं पोखरत नाहीत आणि रक्तातही शिरत नाहीत. मग माणूस काही तासांत मरणाच्या दारात का जातो? याचं उत्तर १९५९ मध्ये कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी दिलं. जंतू गाळून काढलेला द्राव त्यांनी सशाच्या आतड्यात सोडला, तरीही आतड्यात पाणी साठलं. म्हणजे करणी जंतूंनी सोडलेल्या विषाची होती.

या विषाच्या रेणूचे सहा भाग असतात. पाच भाग पेशीला घट्ट धरतात आणि सहावा आत शिरतो. पेशीत जी-प्रथिन नावाचं एक बटण असतं, ते एरवी चालू होऊन आपोआप बंद होतं. विष त्याला चालू अवस्थेतच अडकवून ठेवतं. त्यामुळे सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू भरमसाट तयार होत राहतो आणि पेशीतले क्लोराइडचे मार्ग उघडेच राहतात. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहतं, त्याच्यामागे सोडियम जातं आणि त्यांच्यामागे पाणी. मीठ आत शोषून घेण्याची नेहमीची वाटही त्याच वेळी बंद पडते. तीव्र कॉलऱ्यात प्रौढ माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात ते यामुळेच.

पण एका वाटेला हे विष हात लावत नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे. आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-१ नावाचं एक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्रच आत घेतं. दोन्ही हजर असल्याशिवाय त्याचं काम चालत नाही. म्हणून नुसतं मिठाचं पाणी पाजून भागत नाही. त्यात ग्लुकोज घातलं की सोडियम आत जातं आणि पाणी त्याच्यामागे जातं. जुलाब चालूच राहतात, पण शरीर भरत राहतं. उलट साखर फार झाली तर न शोषलेली साखर आतड्यातच राहते आणि रक्तातलं पाणी तिकडे ओढते. म्हणून जलसंजीवनीच्या सध्याच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. वजनं वेगळी दिसली तरी सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोल, म्हणजे कणांची संख्या अगदी बरोबरीने. विरघळलेल्या सगळ्या कणांची एकूण तीव्रता २४५ मिलिऑस्मोल, रक्तापेक्षा थोडी कमी, त्यामुळे पाण्याची ओढ शरीराकडेच राहते.

या ज्ञानाची खरी परीक्षा झाली १९७१ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेश युद्धामुळे आलेल्या निर्वासितांमध्ये, कॉलऱ्याच्या साथीत. सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हा सन्मान त्यांना डोळ्यांनी पाहता यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत. लोकांची भीती खरी होती, पण रोग विहिरीतच राहायचा. आज गाड्याची जागा सलाईनच्या हट्टाने घेतली आहे. गळून गेलेल्या, शुद्ध हरपत चाललेल्या किंवा पाणी पोटात न ठरणाऱ्या रोग्याला शिरेतून रिंगर लॅक्टेट हे सलाईन द्यावंच लागतं, तेही झटपट. तीव्र रोगात डॉक्टर डॉक्सिसायक्लिनसारखं प्रतिजैविक देतात, त्याने जुलाब लवकर आटोपतात. पण जो शुद्धीवर आहे आणि पिऊ शकतो, त्याला बाटली लावून 'ताकद' येत नाही.

साथ रोखायचं काम ग्रामपंचायतीच्या टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायच्या ब्लीचिंग पावडरीपासून सुरू होतं. ती टाकल्यावर पाण्यात क्लोरीन उरलाय का, हे ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन चाचणीने बघावंच लागतं. नुसती पावडर टाकल्याची नोंद उपयोगाची नाही. संडास, गळक्या जलवाहिन्यांची दुरुस्ती आणि हात धुणं हे आहेच. तोंडाने घ्यायची लसही आहे, पण ती साथीच्या भागात जोडीला.

घरी सगळ्यात जास्त चूक होते ती पुडी वापरताना. थोडीथोडी पूड ग्लासात टाकून पिऊ नका. लिटरची अख्खी पुडी मोजून एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. त्यात पोटॅशियम नसतं, तेव्हा ते पाजत पाजतच रोग्याला दवाखान्यात न्या.