कासा दास पाल्मेइरास

ब्राझीलमधील रिओ दी जानेरो शहरात मनोरुग्णालयातून घरी परतलेल्या व्यक्तींसाठी सुरू झालेले खुले कलाकेंद्र. नावाचा अर्थ ‘ताडांचे घर’. मनोविकारतज्ज्ञ नीझी दा सिल्वेइरा (१९०५–१९९९) यांनी काही सहकाऱ्यांसह २३ डिसेंबर १९५६ रोजी त्याची स्थापना केली. दिवसा यायचे, रंग, माती, सूत, लाकूड यांपैकी जे हाताला रुचेल ते घ्यायचे आणि संध्याकाळी आपल्या घरी जायचे, अशी इथली रीत. राहण्याची सोय मुद्दामच ठेवली नव्हती. मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसांसाठी गावागावांत, वस्त्यावस्त्यांत आज ज्या कलाकार्यशाळा चालतात, त्यांच्या जुन्या आणि विचारपूर्वक उभारलेल्या नमुन्यांत या घराची गणना करावी लागते.

पार्श्वभूमी : नीझी यांचा जन्म ब्राझीलच्या ईशान्य भागातील मासेयो येथे झाला. बाहिया येथे १९२६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. दीडशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. रिओमध्ये सरकारी मनोरुग्णालयात नोकरी करत असताना त्यांच्याकडे मार्क्सवादी पुस्तके असल्याची चुगली एका परिचारिकेने केली आणि १९३६ मध्ये त्यांना अटक झाली. वर्षाहून अधिक काळ त्या तुरुंगात होत्या, आणि सुटल्यावरही अनेक वर्षे सरकारी सेवेबाहेर राहिल्या. कोंडून घातलेल्या माणसाला रिकामा दिवस कसा खायला उठतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्या १९४४ मध्ये सेवेत परतल्या. आता नेमणूक होती ती शहराच्या उपनगरातील एंजेन्यो दे देंत्रो येथील राष्ट्रीय मनोरुग्णालयात. मधल्या काळात विजेचे झटके, इन्सुलिन देऊन आणलेली बेशुद्धी आणि मेंदूची शस्त्रक्रिया (लोबोटॉमी) हे उपचार रूढ झाले होते. झटक्याच्या यंत्राचे बटण दाबायला नीझी यांनी नकार दिला. त्या काळी हे झटके बहुधा भूल न देता दिले जात. आज भूल देऊन, ठरावीक आजारांत केल्या जाणाऱ्या विद्युत उपचारावर त्यांचा आक्षेप जसाच्या तसा लावणे योग्य होणार नाही. नकार देणाऱ्या डॉक्टरला ठेवायचे कुठे? तर व्यवसायोपचार विभागात. तिथे रुग्णांना झाडलोट आणि धुणीभांडी करायला लावले जाई, आणि त्यालाच उपचार म्हणत. १९४६ मध्ये हा विभाग नीझी यांच्याकडे आला. त्यांनी तिथे शिवण, पुस्तकबांधणी, सुतारकाम, बागकाम, संगीत अशी एकेक दालने उघडली. त्यांतलेच एक चित्रशाळा.

चित्रशाळा उभी करण्यात रुग्णालयात नोकरीला असलेला एक तरुण चित्रकार, आल्मिर माविन्येर, पुढे आला. कागद आणि रंग द्यायचे, जवळ बसायचे, पण ‘असे काढ’ म्हणायचे नाही, हा पहिल्यापासूनचा दंडक. येणाऱ्यांत गोदीत काम केलेले, चपला शिवणारे, शेतकरी घरातले लोक होते. बहुतेकांनी आधी कधी कुंचला धरलेला नव्हता. कार्लोस पेर्तुइस, आदेलिना गोमेस, फेर्नांदो दिनिस, एमिजिदियो दे बारोस ही नावे पुढे ब्राझीलच्या कलेतिहासात नोंदली गेली. १९४९ मध्ये साव पावलोच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्यापैकी नऊ जणांचे प्रदर्शन भरले. ही कला मानायची की लक्षणे, यावर समीक्षकांत जुंपली. कलासमीक्षक मारिओ पेद्रोझा ठामपणे या चित्रकारांच्या बाजूने उभे राहिले. आब्राहाम पालात्निक या तरुण चित्रकाराने ही चित्रे पाहिल्यावर आपली नेहमीच्या पद्धतीची चित्रकलाच सोडून दिली. पुढे प्रकाश आणि गती यांच्या कलेत त्याने नाव काढले. ज्यांना शिकवायला जावे त्यांच्याकडूनच शिकून यावे, असा प्रकार.

लूसियो नावाच्या शिल्पकार रुग्णाची कथा मात्र अंगावर येते. तो मातीत भारदस्त योद्धे घडवत असे. नीझी यांचा विरोध डावलून त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर त्याच्या हातून पूर्वीसारखे काही घडले नाही. शस्त्रक्रियेच्या आधीची आणि नंतरची शिल्पे शेजारी ठेवून नीझी यांनी आपला मुद्दा मांडला. साव पावलोच्या प्रदर्शनाच्याच वर्षी, १९४९ मध्ये, या शस्त्रक्रियेच्या जनकाला नोबेल मिळाले.

चित्रशाळेतील काम जपण्यासाठी २० मे १९५२ रोजी रुग्णालयाच्या आवारातच ‘अबोध मनातील प्रतिमांचे संग्रहालय’ स्थापन झाले. आज तिथे साडेतीन लाखांहून अधिक कलाकृती आहेत. एखादे सुटे चित्र फारसे काही सांगत नाही, एकाच माणसाची चित्रे तारखेनुसार लावली की आतली हालचाल दिसते, असे नीझी यांचे म्हणणे होते. चित्रांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या वर्तुळांबद्दल त्यांनी १९५४ मध्ये अबोध मन आणि प्रतीके यांचा अभ्यास करणारे स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांना पत्र लिहिले, आणि १९५७ मध्ये झुरिकच्या मनोविकार परिषदेत भरलेल्या प्रदर्शनाला युंग स्वतः हजर होते.

घराची गरज : इतके होऊनही एक दुखणे उरलेच. बरे वाटून घरी गेलेली माणसे पुन्हा पुन्हा रुग्णालयात येत. दार उघडून बाहेर सोडले की काम संपले, असे संस्था मानत होती. घरी मात्र त्या माणसाला ना काम, ना सोबत. शेजारी बिचकून असत आणि कुटुंब थकलेले. आपल्याकडे येरवडा किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको. रुग्णालय आणि घर यांच्या मधली पायरी म्हणून ताडांचे घर उभे राहिले. प्रथम तिजूका भागात, नंतर बोताफोगोत. ते सरकारी नव्हते, देणग्या आणि स्वयंसेवक यांवर चाले, आणि पैशांची ओढाताण कायमची होती.

कामकाज : दारे-खिडक्या उघड्या, पांढरे कोट नाहीत, किल्ल्यांचे जुडगे नाहीत. डॉक्टर, मदतनीस आणि येणारी माणसे एकाच टेबलाशी बसून काम करत, मधल्या वेळी एकत्र खात. कोण रुग्ण आणि कोण नाही, हे नव्याने आलेल्याला चटकन कळू नये, इतपत. चित्रे, मातीकाम, भरतकाम, विणकाम, नाटक, नृत्य असे पर्याय असत आणि निवड ज्याची त्याची. कलाकृती विकायच्या नाहीत, हा नियम नीझी यांनी कटाक्षाने पाळला. विक्री आली की गिऱ्हाइकाला आवडेल ते काढले जाते, आणि मग हाताला आतून काय सुचत होते ते हरवते. हा नियम सर्वांना पटण्यासारखा नाही. हातात पैसा नसलेल्या माणसाला स्वतःच्या कमाईचे चार पैसे मिळणे हेही सावरण्याचाच भाग असते, आणि अनेक देशांतील आजच्या कार्यशाळा विक्रीला उत्तेजन देतात.

नीझी यांचा भर तंत्रापेक्षा सोबतीवर होता. शेजारी एक माणूस धीराने, न हटकता बसला आहे, यानेच बदलाला चालना मिळते, असे त्या म्हणत. रुग्णालयात कुत्री-मांजरे पाळून त्यांनाही त्यांनी सहउपचारकांचा मान दिला होता.

मर्यादा : या घराने काय साधले याचे पुरावे मुख्यतः वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी आणि चित्रमालिका यांच्या रूपात आहेत, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून केलेली मोजमापे नाहीत. युंगच्या चौकटीतून लावलेले चित्रांचे अर्थ तर मानायचे की नाही हा वाचणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न. कला आणि आरोग्य यांवरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा कौल एकंदरीत अनुकूल आहे, पण त्यातील अभ्यासांचा दर्जा एकसारखा नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या शिफारशीने कलावर्ग सुचवण्याची पद्धत १९९०च्या दशकात स्टॉकपोर्टसारख्या ठिकाणी रुजली. तिथले वर्ग बहुधा काही आठवड्यांत संपतात. ताडांच्या घरात मुदत नव्हती, आणि दीर्घ आजाराच्या माणसासाठी हा फरक लहान नाही.

पुढचा प्रवास : ब्राझीलमध्ये १९८७ पासून वस्तीपातळीवरची मानसिक आरोग्य केंद्रे निघू लागली, आणि ६ एप्रिल २००१ च्या कायद्याने उपचाराचा रोख मनोरुग्णालयाकडून समाजाकडे वळवला. एंजेन्यो दे देंत्रोच्या रुग्णालयाला पुढे नीझी यांचेच नाव देण्यात आले. तिथून २००१ पासून कार्निव्हलच्या आधी ‘उपनगरी वेडेपणा’ या नावाचा मेळा रस्त्यावर निघतो. उपचार घेणारे, कर्मचारी, त्यांचे नातेवाईक आणि आजूबाजूचे रहिवासी त्यात एकत्र नाचतात. त्यासाठीची गाणी रचणे, ढोल वाजवायला शिकणे आणि पोशाख शिवणे या कामांच्या कार्यशाळा रुग्णालयाच्या आवारात चालतात.