गॅरेजमध्ये गेलं की विझणारा दिवा

रात्रभर ठणकणारी दाढ दंतवैद्याच्या खुर्चीत बसताच शहाण्यासारखी गप्प होते. गाडीच्या डॅशबोर्डवरचा इंजिनच्या चित्राचा तो पिवळा दिवाही त्याच जातीचा. आठवडाभर लागतो, विझतो, पुन्हा लागतो, आणि गॅरेजच्या फाटकातून आत शिरलो की गायब. मेकॅनिक म्हणतो, "आता तर काहीच नाही, पुन्हा लागला की आणा." आपण उगाच आलो असं वाटत घरी परततो.

कायमचा बिघडलेला भाग शोधणं तसं सोपं असतं, कारण तो तपासणाऱ्याची वाट पाहत तिथेच थांबतो. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाला मात्र काही अटी लागतात: ठरावीक तापमान, ठरावीक हादरा, थोडी ओल. त्या अटी जुळल्या नाहीत तर गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा कितीही महागडा स्कॅनर लावा, सगळं ठणठणीत दिसतं. म्हणून "कुठला पार्ट गेला?" हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की हे होतं केव्हा?

हा दिवा मुळात प्रदूषणावर नजर ठेवण्यासाठी आला. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून अशी स्वयंतपासणी यंत्रणा बंधनकारक झाली. धुरात जास्त विष जाईल असं काही घडलं की दिवा लावायचा, हे त्याचं काम. त्यामुळे वायपर बंद पडला तर तो लागणार नाही, पण पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलं तर लागू शकतो, कारण टाकीतली वाफ बाहेर निसटते. स्थिर दिवा असेल तर सहसा सवडीने तपासता येतं. दिवा लुकलुकत असेल तर मात्र सवड नाही. एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटणं चुकतं आहे, न जळलेलं इंधन पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आहे आणि आतली जाळी तापून वितळू शकते. अशा वेळी अॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करायचा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवायची.

आता हा दिवा आपोआप विझतो कसा? इंजिनचा कॉम्प्युटर पहिल्या चुकीला सहसा माफ करतो. बिघाड ठरलेला वेळ टिकला तरच तो नोंद घेतो, तीही कच्ची. पुढच्या फेरीत (फेरी म्हणजे गाडी सुरू करून, चालवून बंद करेपर्यंतचा वेळ) तोच बिघाड पुन्हा दिसला की नोंद पक्की होते आणि दिवा लागतो. मग सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की दिवा विझतो, पण त्या नोंदीचा क्रमांक, म्हणजे कोड, पुसला जात नाही. इंजिन गार असताना सुरू होऊन पूर्ण तापलं, असं साधारण ४० वेळा निर्विघ्न झालं की मगच तो आपोआप जातो. थोडक्यात, विझलेल्या दिव्यामागेही पुरावा बरेच दिवस शाबूत असतो. आणि दिवा कधीच लागला नसला, तरी कच्ची नोंद स्कॅनरवर दिसू शकते.

नोंदीसोबत आणखी एक मौल्यवान गोष्ट साठवलेली असते, ती म्हणजे त्या क्षणाचा फोटो. खरा फोटो नव्हे, आकड्यांचा. नोंद झाली तेव्हा वेग किती होता, इंजिनचे फेरे किती, पाणी किती तापलेलं, इंजिनवर भार किती. "होतं केव्हा?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच असतं. आणि बहुतेक ठिकाणी स्कॅनर लावल्यावर पहिलं काम कोणतं होतं? कोड उडवणं! पंचनाम्याआधी खोली धुऊन काढावी तसं. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावणं हाही बऱ्याच गाड्यांत तोच प्रकार. आधी सगळं लिहून घ्या, स्क्रीनचे फोटो काढा, मग खुशाल उडवा.

कोड वाचला तरी तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळायला हवं. हे मी माझ्या जुन्या गाडीवर शिकलो. तिचा कोड होता पी०११८. गॅरेजमधल्या पुस्तकात त्यापुढे कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानाच्या सेन्सरचं नाव होतं, म्हणून सेन्सर बदलला. महिनाभर सगळं छान. मग दिवा परत लागला. दुसऱ्या गॅरेजने दुसऱ्या कंपनीचा सेन्सर घातला. पुन्हा तीन-चार आठवडे शांतता, पुन्हा दिवा.

पी०११८ चा खरा अर्थ "सेन्सर खराब" असा नाहीच. "या वायरवर अपेक्षेपेक्षा जास्त व्होल्टेज दिसतं," इतकंच कॉम्प्युटर म्हणत असतो. तापमानाचा हा सेन्सर म्हणजे उष्णता वाढली की रोध (विजेला होणारा अडथळा) कमी होणारा एक छोटा तुकडा. गार इंजिनात त्याचा रोध काही हजार ओहम असतो, इंजिन तापलं की तो दोन-तीनशेवर येतो. कॉम्प्युटर आपल्या पोटातल्या एका रोधातून या वायरला ५ व्होल्ट देतो आणि वायरवर किती व्होल्ट उरले ते मोजतो. सेन्सर गरम असेल तर वीज त्यातून सहज वाहते आणि वायरवरचं व्होल्टेज खाली येतं. गार असेल तर ते वर राहतं. आता वायरच तुटली तर? वीज वाहणारच नाही, व्होल्टेज पूर्ण ५ वर राहील आणि कॉम्प्युटरला वाटेल की इंजिन भयंकर गार आहे. बऱ्याच गाड्यांत अशा वेळी स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतात. (उणे ४० ला सेल्सिअस आणि फॅरेनहाइट एकच असतात, त्यामुळे निदान तिथे तरी घोटाळा नाही.) उलट ती वायर कुठे बॉडीला टेकली तर व्होल्टेज शून्यावर येतं आणि इंजिन उकळतंय असा भास होतो. म्हणजे अशक्य वाटणारा आकडाही उपयोगाचाच. अति थंडी दिसली तर वायर कुठेतरी सुटते आहे, अति उष्णता दिसली तर ती कुठेतरी टेकते आहे.

शेवटी मी डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा एक छोटा अडॅप्टर खोचला आणि फोनवर तापमानाचा आलेख लावला. गाडी बायको चालवत होती, मी शेजारी बसून स्क्रीनकडे बघत होतो. ८९, ८९, ९०, ९०. गतिरोधक आला, गाडी आदळली आणि रेघ तळाला गेली, उणे ४०. पुढच्याच क्षणी पुन्हा ९०. तापलेलं इंजिन निमिषार्धात बर्फाहून गार होऊन परत तापणं निसर्गात शक्य नाही. बदलत होतं ते तापमान नव्हे, जोडणी बदलत होती. एवढं क्षणिक तुटणं नोंदीत येत नव्हतं, लांबलेलं तेवढं येत होतं, म्हणून दिवा कधी लागे, कधी नाही.

घरी आल्यावर इंजिन चालू ठेवून बोनेट उघडलं. पट्टे आणि पंख्यापासून हात दूर ठेवत सेन्सरचा कनेक्टर दोन बोटांत धरून हलकेच हलवला. फोनवरचा आकडा नाचू लागला आणि रेडिएटरचा पंखा दणक्यात सुरू झाला. तापमानावर भरवसा उरला नाही की कॉम्प्युटर सावधगिरी म्हणून पंखा लावून मोकळा होतो. कनेक्टर काढून आत टॉर्च मारली. एका पिनेची मादी बाजू, म्हणजे जिच्यात सेन्सरची पिन घट्ट बसायला हवी ती, फाकलेली होती. कधीतरी कुणीतरी तपासणीसाठी वीज मोजणाऱ्या मल्टिमीटरची जाड सळई तिच्यात खुपसली असणार. म्हणजे रोग तपासणीतूनच आलेला!

मग दोन सेन्सर बदलल्यावर प्रत्येक वेळी महिनाभर आराम कसा पडला? मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत रंजक वाटतो. दोन धातू एकमेकांवर बसलेले दिसले तरी प्रत्यक्षात ते काही सूक्ष्म टेकाडांवरच टेकतात आणि वीज तेवढ्याच ठिपक्यांतून जाते. पकड सैल असली की इंजिनच्या थरथरीने पिना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या मागेपुढे घासत राहतात. पिनांवरचा कथिलाचा मुलामा झिजतो, त्याच्या कणांचं ऑक्साइड बनतं आणि ते नेमकं त्या ठिपक्यांवर साचतं. कथिलाचं ऑक्साइड वीज नीट वाहू देत नाही. पण कनेक्टर एकदा काढून पुन्हा लावला की पिना एकमेकांवर घासून स्वच्छ होतात. सेन्सर बदलताना कनेक्टर काढावाच लागतो. श्रेय नव्या सेन्सरला मिळतं, काम मात्र त्या घासण्याने केलेलं असतं. म्हणून माझा नियम असा: संशयित कनेक्टर आधी नुसता काढून लावा आणि वाट पाहा. बिघाड काही आठवडे गायब झाला, तर खिशात हात घालण्याआधी पिना बघा. एअरबॅगसारख्या जिवाच्या जोडण्यांत पिनांवर सोन्याचा मुलामा देतात, तो याचसाठी. सोन्याला ऑक्साइड चढत नाही.

हादऱ्याइतकीच उष्णताही खोडकर. गाडी अर्धा तास चालली की अचानक बंद पडते, सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरतं, घेत नाही. वैतागून अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, सेन्सरचं हे नेहमीचं लक्षण. आतल्या बारीक तारेला किंवा सोल्डरच्या जोडाला सूक्ष्म चीर गेलेली असते. तापल्यावर सगळं प्रसरण पावतं, चीर उघडते, संकेत बंद. गार झालं की चीर पुन्हा मिटते. टोचनाने गॅरेजपर्यंत येईतो ती मिटलेलीच असणार. अशा वेळी अटी मुद्दाम घडवून आणायच्या. संशयित भागावर केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा सोडायची, नंतर गार करणारा स्प्रे मारायचा. दमट हवेत मिसिंग होत असेल, म्हणजे इंधन पेटणं चुकत असेल, तर बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा ठिणगीसाठी वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलच्या आसपास उडवून बघायचा. चालू इंजिनाच्या कॉइलला हात मात्र लावायचा नाही, तिथे हजारो व्होल्ट असतात.

सर्वांत जास्त फसवतं ते अर्थिंग. बॅटरीची ऋण बाजू, गाडीची बॉडी आणि इंजिन यांना जोडणाऱ्या जाड पट्ट्या गंजतात, बोल्ट सैल होतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवून तपासलं तर सगळं ठीक दिसतं, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.१ ओहमच्या आसपास असतो. पण सेल्फ मारताना १५० अँपिअर वाहत असतील, तर नुसता ०.०१ ओहमचा रोधही दीड व्होल्ट खातो. तारांच्या जुडग्यातला एकच तंतू शाबूत असला तरी ओहममीटर "जोडलेलं आहे" असंच सांगतो, पण सेल्फची वीज काही त्या एका तंतूतून जाणार नाही. म्हणून तपासणी वीज वाहत असतानाच करायची. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक इंजिनच्या उघड्या धातूला, दुसरं थेट बॅटरीच्या ऋण खांबाला लावायचं (वरच्या क्लॅम्पला नव्हे, कारण गंज त्या दोघांच्या मध्येही असतो) आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. आकडा ०.५ व्होल्टच्या वर गेला तर चोर तिथेच. अशा अर्थिंगचा त्रास सेल्फपुरता राहत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा सगळा कारभार ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये चालतो. त्याचं अर्थिंग इंजिनच्या धातूतून होत असेल, तर थोडा उसना व्होल्टही त्याला खोटं बोलायला लावतो.

एकाच वेळी चार-पाच असंबद्ध दिवे लागले तर घाबरू नका. चार भाग एकाच दिवशी मरणं दुर्मीळ आहे. त्यांच्यात सामाईक काय ते शोधा. कमजोर बॅटरी असेल (विश्रांतीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी), एखादं अर्थिंग असेल, किंवा अनेक सेन्सरना पुरवठा करणारी ५ व्होल्टची एकच सामाईक वायर. तिच्यावरचा एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की बाकीचे निर्दोष असूनही आंधळे होतात. "यू" ने सुरू होणारे कोड असतील तर गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपापसातलं बोलणं तुटतं आहे. हे बोलणं चालतं त्या 'कॅन' पद्धतीची घोषणा बॉश कंपनीने १९८६ मध्ये केली. दोन पिळलेल्या वायरी, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध. त्यामुळे बॅटरी सोडवून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मोजलं, तर बहुतेक गाड्यांत सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक सुटलं आहे.

बाकी नेहमीचे संशयित ठाऊक असलेले बरे: दरवाजाच्या आणि डिकीच्या बिजागरीत रोज वाकून आतून तुटलेल्या वायरी, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग, आणि नंतर बसवलेला एखादा स्टिरिओ किंवा अलार्म, ज्यासाठी मूळ वायर सोलून नुसती टेप गुंडाळलेली असते. तपासताना वायरीला सुई टोचू नका. त्या भोकातून पाणी शिरतं, तांब्याच्या तंतूंमधून वातीसारखं पुढे सरकतं आणि काही महिन्यांनी भोकापासून वीतभर लांब तांबं हिरवं पडून तुटतं.

माझ्या गाडीची ती फाकलेली पिन कनेक्टरमधून काढली, नवी दाबून बसवली, खेचून पकड तपासली. मग त्याच रस्त्याने, त्याच वेगाने, त्याच गतिरोधकावरून गेलो. ८९, ९०, ९०, ९०. बायकोने गाडी वळवली आणि "पुन्हा?" म्हणत आणखी एकदा आदळवली. ९१.