वरची कवळी चिकटते, मग खालचीच का तरंगते?

जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात २०२४ च्या शरद ऋतूत एका औषधाची मानवी चाचणी सुरू झाली. आपल्या शरीरातील 'यूसॅग-१' नावाचे प्रथिन दातांच्या वाढीला लगाम घालते. त्या प्रथिनाला अडवणारे प्रतिपिंड दिल्यावर उंदरांना व फेरेट या प्राण्याला नवे दात आल्याचे संशोधकांना आधी आढळले होते, आणि आता तेच औषध माणसाला निर्धोक आहे की नाही, एवढेच ३० पुरुषांवर पाहायचे होते. ही बातमी आपल्याकडे मोबाइलवरून फिरता फिरता 'आता कवळीची गरज संपली' अशी होऊन माझ्यापर्यंत पोहोचली. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत औषधाचा गुण नव्हे, तर मुख्यतः त्याची सुरक्षितता तपासली जाते, आणि हे औषध प्रथम ज्यांना जन्मतःच काही दात नसतात अशांसाठी योजलेले आहे, हे दोन्ही तपशील वाटेतच गळून गेले होते. सत्तरीच्या पुढच्या, तोंडाचे पूर्ण बोळके झालेल्या माणसाला आज या बातमीचा काहीही उपयोग नाही. त्याच्यापुढे आहे ती कवळीच, आणि कवळीविषयी आपण फारच कमी जाणतो.

अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील ६० वर्षांवरील लोकांपैकी सुमारे २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात उरलेला नसतो. कारणे मुख्यतः दोनच, दातांची कीड आणि हिरड्यांचा आजार. तंबाखू हिरड्यांच्या आजाराला खतपाणी घालते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारतात १९९२ मध्ये बंदी आली, परंतु घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोणता कायदा अडवणार? मशेरीने दात घट्ट होतात, असे आजही ठामपणे सांगणाऱ्या बायका कोकणात आणि देशावर सहज भेटतात. दुसरा तितकाच चिवट समज म्हणजे वरचे दात काढले की दृष्टी अधू होते. दातांच्या संवेदना ज्या मज्जातंतूतून मेंदूकडे जातात तो पाचवा, आणि दृष्टीचा मज्जातंतू दुसरा. दोघांचा उगम वेगळा, मार्ग वेगळा, काम वेगळे. दात काढण्याच्या वयात मोतीबिंदूही होतो, एवढाच त्यांचा संबंध. या भीतीपायी सडलेले, पू झालेले दात वर्षानुवर्षे तोंडात बाळगणारी माणसे मात्र खरोखरीचे नुकसान करून घेतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या आत्याबाईंची वरची कवळी दिवसभर तोंडात असते, खालची मात्र एका स्टीलच्या डबीत, आणि ती बाहेर येते केवळ लग्नसमारंभात, छायाचित्रापुरती. त्या दंतवैद्याला दोष देतात. त्यांच्यासारख्या तक्रारी इतक्या घरांत ऐकू येतात की दोष एकट्या दंतवैद्याचा असणे शक्य नाही.

एकेकाळी वरची कवळीसुद्धा आपणहून टिकत नसे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळ्या लाकडाच्या होत्या, ही दंतकथाच आहे. त्या पाणघोड्याच्या सुळ्यांच्या, माणसांच्या व जनावरांच्या दातांच्या आणि शिशाच्या होत्या, आणि वरचा व खालचा भाग स्प्रिंगांनी एकमेकांपासून दूर ढकललेला असे. तोंड मिटून ठेवायचे तर जबड्याच्या स्नायूंना सतत जोर लावावा लागे. पुढे १८०० च्या सुमारास फिलाडेल्फियातील जेम्स गार्डेट या दंतवैद्याने एका बाईंना, स्प्रिंगा नंतर जोडू म्हणून, नुसतीच वरची कवळी सवयीसाठी देऊन ठेवली, आणि काही महिन्यांनी तो पुन्हा गेला तेव्हा बाईंनी सांगितले की स्प्रिंगांची गरजच नाही, कवळी आपोआप टाळूला धरून बसते. त्याने याचे श्रेय हवेच्या दाबाला दिले. 'पोकळी निर्माण होते म्हणून कवळी चिकटते' हा समज तेव्हापासून लोकप्रिय आहे, आणि त्यापायी पुढे कवळीच्या मध्यभागी रबरी चकत्या बसवण्याचा उद्योगही झाला, ज्यांनी काही रुग्णांच्या टाळूला भोके पाडली.

खरे काम करते ती लाळ. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून पाहाव्यात. त्या सरकतात सहज, पण सरळ वर ओढून सुटत नाहीत. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा असाच अतिशय पातळ थर असतो. कवळी खाली खेचली जाते तेव्हा मधली जागा वाढते, ती भरण्यासाठी कडेची लाळ आत वाहावी लागते, आणि इतक्या अरुंद फटीतून घट्टसर द्रव चटकन वाहू शकत नाही. लाळेचा हा संथपणाच कवळीला धरून ठेवतो. ऑस्ट्रियातील भौतिकशास्त्रज्ञ योझेफ श्टेफान यांनी १८७४ मध्ये दोन चकत्यांमधील द्रवाचे हे गणित मांडले. चकत्या विलग करण्यास लागणारे बल द्रवाच्या चिकटपणाच्या आणि त्या विलग होण्याच्या वेगाच्या समप्रमाणात असते, चकतीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या समप्रमाणात असते, आणि थराच्या जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्रिज्येचा चौथा घात म्हणजेच क्षेत्रफळाचा वर्ग. तेव्हा क्षेत्रफळ निम्मे झाले तर पकड एक चतुर्थांश उरते, आणि थराची जाडी दुप्पट झाली तर ती थेट एक अष्टमांशावर येते. वेग या सूत्रात असल्यामुळे झटका बसला तर हे बल उपयोगी पडते, सावकाश पडणाऱ्या भाराला ते तितकेसे रोखत नाही. तेथे मदतीला येतो तो पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची आक्रसण्याची ओढ. कवळीच्या कडेशी लाळ आणि हवा जेथे भेटतात तेथे लाळेचा पृष्ठभाग आतल्या बाजूला वक्र होतो, आणि त्यामुळे थरातील दाब बाहेरच्या दाबापेक्षा थोडा कमी राहतो. म्हणजे हवेच्या दाबाला श्रेय देणारा गार्डेट अगदीच चुकला नव्हता. फक्त तेथे पोकळी नव्हती, लाळ होती.

हे गणित वाचून कंटाळलेल्या वाचकाने आत्याबाईंची डबी आठवावी, कारण तिचे उत्तर यातच आहे. वरच्या जबड्यात टाळू धरून कवळीला सुमारे २३ ते २४ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, खालच्या जबड्यात जीभ मध्ये असल्यामुळे केवळ १२ ते १४. क्षेत्रफळाच्या वर्गाने हिशेब केला तर पकड तिपटीने घटते. प्रत्यक्षात ती त्याहूनही घटते, कारण खालची कवळी घोड्याच्या नालेच्या आकाराची असते आणि अरुंद पट्टीच्या कडेपासून मध्यापर्यंत लाळेला फार दूर वाहावे लागत नाही. शिवाय खाली लाळ साचते, कवळीच्या कडा तिच्यात बुडलेल्या राहतात, आणि लाळ-हवा अशी सीमाच नसेल तर पृष्ठताणाची मदत कुठली मिळणार? भरीस भर म्हणजे जीभ. बोलताना, गिळताना ती कवळीला आतून सतत धक्के देत असते.

याहून वाईट गोष्ट हाडाची आहे. दाताच्या मुळाभोवती तंतूंचा एक अगदी पातळ पदर असतो आणि चावण्याचा भार तो हाडाला ओढीच्या रूपाने पोहोचवतो. दात गेला की ही ओढ थांबते, आणि केवळ दातासाठी असलेले ते हाड झिजू लागते. पहिल्या वर्षात वेगाने, नंतर सावकाश, पण थांबत मात्र नाही. दंतसंशोधक आंत्ये तालग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांचे २५ वर्षांच्या कालावधीतील क्ष-किरण अभ्यासून १९७२ मध्ये दाखवून दिले की पुढच्या भागात खालच्या जबड्याची उंची वरच्यापेक्षा सुमारे चौपट घटते. म्हणजे ज्या जबड्याला मुळात जागा कमी, त्याचीच झीज अधिक. कवळी आहे तशीच राहते, तिच्याखालचा हाडाचा उंचवटा मात्र बदलतो, फट वाढते, आणि फटीचा घन पकड खाऊन टाकतो. 'मागच्याच वर्षी तर छान बसत होती' या तक्रारीत अतिशयोक्ती नसते. म्हणूनच दंतवैद्य काही वर्षांनी कवळीच्या आतल्या बाजूला नवा थर देतात, ज्याला ते रिलाइनिंग म्हणतात. आपल्याकडे मात्र कवळी ही पितळी भांड्यासारखी एकदा घेऊन आयुष्यभर वापरण्याची वस्तू मानली जाते.

तंतूंच्या त्या पदराबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे स्पर्शाची जाण. भातातला अगदी बारीक खडा नैसर्गिक दातांना लगेच कळतो तो त्या पदरातील संवेदकांमुळे. कवळीखाली हिरडी असते आणि तिला तितके बारकावे कळत नाहीत. चावण्याचा जोरही नैसर्गिक दातांच्या साधारण चौथा-पाचवा हिस्साच उरतो, कारण त्याहून अधिक दाब नाजूक हिरडीला सोसत नाही. पेरू पुढच्या दातांनी फोडायला जावे तर वरची कवळी मागून सुटते. फोडी करून, दोन्ही बाजूंनी एकदम चावावे, हे नव्याने शिकावे लागते. बोलणेही शिकावे लागते. आपल्या 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च वेगळे आहेत. पहिल्यासाठी जिभेचे टोक दातांपाशी जाते, आणि तेथे परक्या दातांची जाडी आली की शिट्टी वाजते. 'सहासष्ट, सदुसष्ट' असे मोठ्याने मोजण्याचा सराव केला तर जीभ लवकर वाट शोधते, असा निदान आमच्या घरातला अनुभव आहे.

आयुष्याची प्रत कशाने ठरते, हे मोजण्याचा प्रयत्नही झाला आहे. दंतसंशोधक गॅरी स्लेड यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १४ प्रश्नांच्या प्रश्नावलीत दुखते का, उच्चार अडतो का, हे आहेच, पण चारचौघांत संकोच वाटतो का, जेवण अर्धवट सोडावे लागते का, माणसांवर चिडचिड होते का, हेही विचारलेले आहे. अशा अभ्यासांतून मला सर्वांत विचार करायला लावणारी बाब ही दिसली की दंतवैद्याने 'उत्तम' ठरवलेली कवळी आणि रुग्णाला समाधान देणारी कवळी यांचा मेळ फारच सैल असतो. गणिताने सुरेख बसलेली कवळी कोणी डबीत ठेवतो, आणि डुगडुगणाऱ्या कवळीवर कोणी शेंगदाणे खातो. दात गेल्याचे दुःख हे एका अवयवाच्या वियोगाचे दुःख असते. ते कोणी ऐकून घेतले का आणि कवळीकडून काय अपेक्षा ठेवावी हे कोणी आधी समजावले का, यावर बरेच अवलंबून असते. आहाराचेही तसेच. नुसती नवी कवळी दिल्याने मऊ भात-वरणाची लागलेली सवय मोडत नाही, फळे व कोशिंबिरी ताटात परत आणण्यासाठी कोणीतरी बसून बोलावे लागते.

खालच्या कवळीवर आज सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे हाडात टायटॅनियमचे दोन खुंट बसवून त्यांवर ती अडकवणे. २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी संपूर्ण दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असे मत दिले. खर्चामुळे आपल्याकडे तो पर्याय बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे, ही वेगळी गोष्ट. जाहिरातींतील 'एका दिवसात नवे दात' मात्र प्रत्येकाच्या हाडाला झेपतातच असे नाही.

साधी कवळी वापरणाऱ्याने ती रात्री काढून ठेवावी. जपानमध्ये ८५ वर्षांच्या पुढच्या ५२४ वृद्धांच्या अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला, कारण कवळीवर साचलेले जंतू झोपेत लाळेबरोबर श्वासमार्गात उतरू शकतात. घासून स्वच्छ केल्यावर ती साध्या, थंड पाण्यात बुडवून ठेवावी, गरम पाण्यात नव्हे. कवळीचे अ‍ॅक्रिलिक पाणी शोषून किंचित फुगलेले असते, कोरडे पडले की आक्रसते आणि उष्णतेने वाकते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, परंतु लाळेच्या थराची जाडी त्याच मापाची असते, आणि तिचा घन करावा लागतो. आत्याबाईंच्या डबीत पाणी नव्हते.