रिकामं पाऊल

गेल्या पावसाळ्यात आई रात्री पाणी प्यायला उठली आणि लाइट न लावताच स्वयंपाकघराकडे निघाली. उंबरठ्याला पाऊल अडलं, तोल गेला, मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्टने व्यायामांच्या यादीत ‘ताई ची’ हा संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार लिहून दिला. त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पांढऱ्या दाढीचे गुरुजी नुसता हात हलवतात आणि लांब उभे असलेले शिष्य धडाधड कोसळतात. खाली लिहिलेलं, ‘हीच ती ची शक्ती!’ आईने विचारलं, “हे शिकायचंय मला?”

नाही. आणि गैरसमज नावापासूनच सुरू होतो. ‘ताई ची’मधला ‘ची’ आणि प्राणशक्ती या अर्थाने येणारा ‘ची’ हे चिनी भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, त्यांची चिन्हंही वेगळी आहेत. रोमन लिपीतल्या जुन्या स्पेलिंगमुळे ते आपल्याला एकसारखे ऐकू येतात. आजच्या चिनी उच्चाराप्रमाणे हा शब्द ‘ताइजी’. ‘ताइ’ म्हणजे परम आणि ‘जी’ म्हणजे टोक, शेवटची हद्द. या ‘जी’च्या चिन्हाचा मूळ अर्थ तर घराचं आढं, ज्याच्यावर दोन्ही बाजूंचे वासे टेकतात ते! तोल सांभाळण्याच्या कलेला याहून नेमकं नाव मला सुचत नाही.

न शिवता माणसं पाडणाऱ्यांबद्दल मात्र ‘बडा घर पोकळ वासा’ एवढंच म्हणता येईल. २०१७ साली छंगदू शहरात शू श्याओतुंग या मिश्र युद्धकलांच्या (एमएमए) लढवय्याने स्वतःला ताई चीचा गुरू म्हणवणाऱ्या एकाला अर्ध्या मिनिटाच्या आत जमिनीवर आणलं. तोही व्हिडिओ मी ग्रुपवर टाकला. शिष्य पडतात ते गुरूवरच्या श्रद्धेपोटी, आणि श्रद्धेने मोडलेलं मनगट जुळत नाही.

मूळ ही खरोखरच युद्धकला. हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात ती वाढली. तिथे शिकलेल्या यांग लूछानने एकोणिसाव्या शतकात ती बीजिंगला नेली, आणि त्याचा नातू यांग छंगफू याने तिला आज बागांमधून दिसणारं संथ, मोठ्या हालचालींचं रूप दिलं. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने त्यातून २४ हालचालींचा पाच-सहा मिनिटांचा छोटा क्रम बेतला. जगभर नवशिके बहुतेक तोच शिकतात, आईही तोच शिकते आहे.

आता पावलाकडे या, कारण सगळी गंमत तिथे आहे. आपण चालतो म्हणजे खरं तर पुढे पडत असतो. शरीराचा गुरुत्वमध्य टेकलेल्या पावलाच्या पुढे निघून जातो आणि दुसरा पाय वेळेवर येऊन आपल्याला झेलतो. झेलणारा पाय उंबरठ्याला अडला की झेलणारं कोणी उरत नाही. ताई चीचं पाऊल याच्या उलट. सगळं वजन मागच्या पायावर ठेवून पुढचा पाय उचलायचा, टाच जमिनीला टेकवायची, पण वजन द्यायचं नाही. हे रिकामं पाऊल. जमीन नीट आहे, पाय नीट पडलाय हे कळलं, की मगच एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतावं तसं वजन हळूहळू पुढे ओतायचं. या सगळ्या वेळात क्षणभरही शरीर पडण्याच्या स्थितीत नसतं. पाऊल कुठल्याही क्षणी मागे घेता येतं.

करून बघा. भिंतीजवळ अनवाणी एका पायावर उभे राहा आणि खाली घोट्याकडे नजर टाका. घोट्याच्या पुढच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, तंबोऱ्याच्या तारांसारख्या थरथरताना दिसतील. तुम्ही काहीच करत नाही आहात, तरी तिथे सेकंदाला कित्येक दुरुस्त्या चालल्या आहेत. त्या करतं कोण?

तोल सांभाळायला मेंदूकडे तीन खबरी असतात. डोळे, कानाच्या आतली अर्धवर्तुळाकार नलिकांची यंत्रणा आणि स्नायू-सांधे-तळवे. अंधारात पहिला खबरी बाद होतो, म्हणून रात्रीचं पडणं इतकं घात करतं. तिसऱ्याबद्दल शाळेत फारसं शिकवत नाहीत, आणि माझा जीव त्याच्यावरच आहे. स्नायूच्या मांसात चरख्याच्या चातीच्या आकाराचे, काही मिलिमीटर लांबीचे सूक्ष्म अवयव पेरलेले असतात. स्नायू ताणला गेला की चाती ताणली जाते आणि तिच्याभोवती गुंडाळलेला मज्जातंतू पाठीच्या कण्याकडे निरोप धाडतो. शिवाय चातीच्या आतही बारीक स्नायुतंतू असतात. ते आवळून किंवा सैल सोडून मज्जासंस्था तिचं सूर जुळवणं स्वतः करते.

उभं असताना आपला गुरुत्वमध्य घोट्याच्या किंचित पुढे असतो, म्हणून पोटरी सतत मागे खेचत असते. शरीर पुढे झुकलं की पोटरीचा स्नायू ताणला जाणार, चाती बोंब मारणार, असं आपण धरून चालतो. ब्रिटनमधल्या इयन लोरॅम आणि मार्टिन लेकी या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर अल्ट्रासाउंड लावून पाहिलं, तर उलटंच दिसलं. शरीर पुढे झुकताना पोटरीचा स्नायू आखूड होत होता! कारण स्नायू आणि टाच यांच्यामधली जाड दोरी रबरासारखी ताणली जाते. ती दोरी एकटी शरीर पेलण्याइतकी ताठ नसते, म्हणून मेंदूला अंदाज बांधून आधीच स्नायू आवळावा लागतो. मग पोटरीतल्या चातीच्या निरोपात दोन गोष्टींची सरमिसळ होते: शरीर किती झुकलं आणि मी स्वतः किती आवळलं. २००९ मध्ये लोरॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून दिसलं की शांतपणे उभं असताना झुकण्याची जास्त सरळ बातमी नडगीच्या पुढचा स्नायू देतो. तो त्या वेळी बहुतेक सैल असतो, म्हणून त्याची लांबी घोट्याच्या कोनाबरोबर प्रामाणिकपणे बदलते. राबणाऱ्या स्नायूपेक्षा मोकळा स्नायू चांगला ऐकतो.

हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो. ताई चीचे शिक्षक सतत ‘सुंग, सुंग’ म्हणतात, म्हणजे सैल सोडा. जोडीने करायच्या सरावात समोरच्याच्या हाताला हात लावून त्याचं बळ ‘ऐकायला’ शिकवतात. पाच किलोच्या भाजीच्या पिशवीत कोणी एक लिंबू टाकलं तर हाताला पत्ता लागत नाही, रिकाम्या तळहातावर ठेवलं तर लगेच कळतं. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबरने मोजून दाखवलेला हा नियम. नको तिथला ताण सोडला की बारीक फरक कळू लागतो. सैल सोडण्याचा हा अर्थ मी माझ्या समजुतीने लावतोय, पण त्यासाठी प्राणशक्तीची गरज पडत नाही.

संथपणाचं कारणही याच तारेत आहे. तळव्याचा निरोप मेंदूपर्यंत जाऊन हुकूम परत यायला सेकंदाचा दहावा भाग किंवा जास्तच वेळ लागतो. झटक्यात टाकलेलं पाऊल दुरुस्ती पोचायच्या आत पडून गेलेलं असतं. चार सेकंद घेतलेल्या पावलात ती दुरुस्ती पुन्हा पुन्हा पोचते.

पुरावा काय? २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पार्किन्सन्स (कंपवात) झालेल्या १९५ जणांवरचा प्रयोग आला. २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा. ताई ची करणाऱ्यांचा तोल वजनं वापरून व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही जास्त सुधारला. पडण्याचं प्रमाण मात्र फक्त अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा कमी होतं, वजनवाल्यांपेक्षा नाही. अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात ताई चीमुळे वृद्धांचं पडणं सुमारे १९ टक्के कमी, आणि तोलाच्या इतर साध्या व्यायामांनी सुमारे २४ टक्के. म्हणजे ताई ची हा एकमेव मार्ग नव्हे. कॅन्सर बरा करण्याचे दावे करणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवा.

आई आता रोज सकाळी पॅसेजमध्ये करते. टाच टेकवते, थांबते, मग वजन देते. ‘माकडाला मागे सारणं’ या हालचालीत उलटं चालायचं असतं, तेव्हा ती भिंतीला दोन बोटं लावते आणि मला म्हणते, “आधार घेते रे, चालेल ना?” चालेल. १९९४ मध्ये अमेरिकेत मोजलंय, की बोटाचा १०० ग्रॅमपेक्षा कमी दाबाचा स्पर्शही उभ्या माणसाचं डोलणं कमी करतो. एवढ्या दाबाने शरीर पेललं जाणं शक्य नाही. बोट फक्त मेंदूला कळवतं, भिंत इथे आहे आणि तू तिच्यापासून एवढी हललीस.